पिल्लाच्या डोक्याला लागलंय, लगेच सांगा

पाणपोई (रविवार, रात्री ९.१२)
पिल्लाच्या डोक्याला मार बसलाय. संध्याकाळपासून गप्प पडून आहे, खात नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीत, आज रविवार. घरी काय करता येईल ते सांगा. "डॉक्टरकडे न्या" एवढंच लिहायला येऊ नका, ते मलाही कळतं. बर्फ लावू का? झोपू द्यायचं की जागं ठेवायचं? सासूबाई हळद-दूध द्या म्हणतायत. लवकर सांगा.

चिंचेचा पार (९.१५)
कुत्र्याचं की मांजराचं?

गवतीचहा (९.१६)
वय किती? कशावर आपटलं, किती उंचीवरून? बेशुद्ध झालं होतं का? गाव कोणतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग लगेच काय सांगणार?

बोकोबा (९.१८)
मांजर असेल तर निश्चिंत राहा. आमचा बोका दुसऱ्या मजल्यावरून पडला आणि उठून थेट डेअरीवाल्याकडे गेला. मांजरं पायांवरच उतरतात.

पाणपोई (९.२१)
कुत्र्याचं हो! मागच्याच आठवड्यात फोटो टाकला होता, सगळ्यांनी गोड गोड म्हणून प्रतिसाद दिलेत. पॉमेरियन आहे. दिवाणावरून फरशीवर पडलं. गाव वाई.

चिंचेचा पार (९.२२)
दिवाणावरून म्हणजे फार उंच नाही. ठीक होईल.

गवतीचहा (९.२४)
तुमच्या-माझ्यासाठी उंच नाही. त्या पिल्लाच्या उंचीच्या तिप्पट तरी असेल. पाणपोई, वय अजून सांगितलं नाहीत.

रामप्रहर (९.२५)
होमिओपॅथीचं अर्निका ३०. चार गोळ्या पाण्यात विरघळवून दर अर्ध्या तासानं जिभेवर. मुका मार म्हटलं की अर्निका, दुसरा विचारच करायचा नाही. आमच्याकडे माणसांना, गाईला, सगळ्यांना हेच. साइड इफेक्ट शून्य.

खवचट खारूताई (९.२७)
साइड इफेक्ट शून्य, इफेक्टही शून्य.

रामप्रहर (९.२८)
अनुभव नसलेल्यांनी बोलू नये.

माडीवरचा (९.३०)
कांदा फोडून नाकाशी धरा, पटकन हुशार होतं. दुखत असेल तर क्रोसिनची पाव गोळी चुरून द्या. आमच्या आधीच्या कुत्र्याला द्यायचो.

गोठ्यावरचा (९.३४)
थांबा थांबा. मी पशुवैद्य आहे (विदर्भात, गाईम्हशींतच दिवस जातो, पण कुत्रीही येतात).

माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान तर अजिबात नाही, आणि इतक्या लहान जिवाला अंदाजानं पाव क्रोसिनसुद्धा नाही. कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्याला घरातच ठेवा.

पाणपोई, आता एवढं बघून सांगा. वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघा. बोटानं दाबून सोडा, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. मग खोलीतला दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च एकेका डोळ्यावर टाका. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का, उजेडानं आकसतात का? डोळे आपोआप डावी-उजवीकडे झटके देत हलतायत का? नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही? उलटी? खाली ठेवल्यावर चालतं कसं, मान एका बाजूला कलते का, गोल गोल फिरतं का?

आणि गळ्यात पट्टा असेल तर आत्ता काढा. मानेवर दाब आला की डोक्यातलं रक्त नीट परतत नाही.

चिंचेचा पार (९.३६)
डॉक्टरसाहेब, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या लॅब्रेडॉरला गोचीड फार झालेत. स्प्रे बरा की पावडर?

खवचट खारूताई (९.३७)
विषय कुठे निघाला?

मुक्ताफळ (९.४१)
झोपू अजिबात देऊ नका! डोक्याला मार लागलेल्याला झोपू दिलं तर तो कोमात जातो. रात्रभर खेळवत ठेवा.

गोठ्यावरचा (९.४४)
असं नाही. लहान पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतातच. झोप लागल्यामुळे कोणी कोमात जात नाही. प्रश्न एवढाच, की हाक मारली किंवा हलवलं की नेहमीसारखं जागं होतं का. दर दोन तासांनी उठवून बघायचं आणि पुन्हा झोपू द्यायचं. खेळवायचं तर मुळीच नाही. फळकुटावर किंवा खोक्यात ठेवून डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, पण नुसत्या डोक्याखाली उशी घालून मान मोडू नका.

बर्फ थेट नको. फडक्यात गुंडाळून, टेंगूळ दिसत असेल तिथेच, पाच-दहा मिनिटं. तेवढ्यानं अंग गार पडायला लागलं तर तेही नको.

पाणपोई (९.५८)
बघितलं. बाहुल्या सारख्या आहेत, टॉर्चनं आकसतात. रक्त नाही, उलटी नाही. हिरड्या गुलाबीच पण फिकट वाटतात, दाबून सोडल्यावर रंग येतो. चालवलं तर दोन पावलं टाकून मागचे पाय लटपटतात आणि बसतं. थरथरतंय. थंडी नाहीये तरी. टेंगूळ वगैरे काही दिसत नाही. डोक्यावर मधोमध मऊ लागतं, तिथे सूज आहे का ते कळत नाही. सासूबाई तेल भरा म्हणतायत.

गवतीचहा (१०.००)
वय??

पाणपोई (१०.०२)
दीड महिना. देणाऱ्यानं तसं सांगितलं. मागच्या रविवारी आणलं.

गोठ्यावरचा (१०.०५)
ती टाळू असू शकते. पॉम, चिवावा अशा छोट्या जातींच्या पिल्लांत ती बऱ्याचदा उघडी असते. दाबून बघू नका, तेल भरू नका, मुलांना तिथे बोट लावू देऊ नका.

आता दोन प्रश्न. शेवटचं खाल्लं कधी? आणि पडायच्या आधी कसं होतं? पडताना कोणी पाहिलं का?

माडीवरचा (१०.०६)
थरथरतंय म्हणजे मेंदूला सूज आली. रात्री मेडिकल उघडं असतं, डेक्साचं इंजेक्शन आणून कंपाउंडरकडून टोचून घ्या. आमच्या गावच्या डॉक्टरांची पहिली सुई तीच असायची.

गोठ्यावरचा (१०.०९)
ती सवय अजून खूप ठिकाणी आहे. पण डेक्सा म्हणजे स्टेरॉइड, आणि डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड देऊ नये असंच आता शिकवतात. माणसांत दहा हजारांहून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००४ साली निष्कर्ष आले, आणि स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. मेंदूला खरोखर सूज असेल तर शिरेतून मॅनिटॉल किंवा तीव्र क्षाराचं सलाईन देतात, तेही दवाखान्यात. कंपाउंडरनं टोचायचं काही नाही.

माडीवरचा (१०.१०)
आमची कुत्री जगली की.

पाणपोई (१०.१४)
सकाळी दहाला खाल्लं होतं, दूध-पोळी. दुपारी घरात पाहुणे होते, ते झोपलेलं होतं म्हणून उठवलं नाही. घरात बारा माणसं असताना कुठे लक्ष राहतं. मुलानं पाहिलं पडताना. तो म्हणतो दिवाणावर बसल्या बसल्या डुलत होतं आणि मग घरंगळलं.

गोठ्यावरचा (१०.१६)
आधी डुलत होतं, मग पडलं. हे पहिल्या ओळीत हवं होतं.

म्हणजे आपटल्यामुळे ढेपाळलं, की ढेपाळल्यामुळे आपटलं? एवढ्याशा जिवाच्या यकृतात साठा फार नसतो. काही तास उपास घडला की रक्तातली साखर उतरते. मग थरथर, लटपट, गुंगी, आणखी उतरली तर झटके. डोक्याच्या मारासारखीच दिसतात ही लक्षणं. दोन्ही एकदम असू शकतं, घरी बसून वेगळं करता येणार नाही. पण साखरेचं काही आत्ता करता येतं.

कोमट पाण्यात साखर विरघळवून, चांगलं घट्ट पाणी करून, बोटानं हिरड्यांना चोळा. मधही चालेल. चमच्यानं किंवा सिरिंजनं ओतू नका. गुंगीत गिळता आलं नाही तर श्वासनलिकेत जाईल. आणि साखर म्हणजे साखरच घ्या. मधुमेहींच्या बिनसाखरेच्या गोळ्या-पावडरींत कधी कधी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, त्यानं कुत्र्याची साखर आणखी कोसळते. पिल्लाला फडक्यात गुंडाळून कुशीत ऊब द्या.

रामप्रहर (१०.१८)
होमिओपॅथीच्या गोळ्या साखरेच्याच असतात. मी तेच सांगत होतो.

खवचट खारूताई (१०.१९)
हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे.

दळणकांडण (१०.२२)
पाणपोईच्या घरी कोणाला मधुमेह असेल तर साखर मोजायचं यंत्र असेलच. कानाच्या कडेला टोचून थेंब काढायचा. साठच्या खाली आली तर कमी. मी माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याची घरीच मोजते.

गोठ्यावरचा (१०.२५)
तुमच्या हाताला सवय आहे. यांनी आज रात्री पहिल्यांदाच एवढाल्या कानाला टोचायला जाऊ नये. शिवाय माणसांची यंत्रं कुत्र्याच्या रक्ताचा आकडा बहुधा कमीच दाखवतात.

दळणकांडण (१०.२६)
कमी दाखवलं तरी काहीच न कळण्यापेक्षा बरं. डॉक्टर लोकांना घरच्यांनी काही मोजलेलं आवडतच नाही.

गवतीचहा (१०.२९)
ते जाऊ दे. वाईहून शिरवळ जवळ आहे. सुरूरवरून हायवेला लागायचं, खंबाटकीचा बोगदा ओलांडला की खंडाळा आणि पुढे शिरवळ. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांचा दवाखाना आहे. रात्री कोण असतं ते आधी फोन करून विचारा. साताऱ्यात खासगी डॉक्टरही आहेत.

चिंचेचा पार (१०.३०)
१९६२ ला फोन लावा, फिरतं पथक येतं.

गवतीचहा (१०.३१)
ते मुख्यतः गुराढोरांसाठी आहे. विचारायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून बसू नका.

देशी_मातीतला (१०.३५)
दीड महिन्याचं पिल्लू विकणाऱ्याला आधी आत टाका. २०१७ च्या श्वानप्रजननाच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही असं स्पष्ट आहे. आईपासून असं तोडलं की हे होणारच. रस्त्यावरची गावठी पिल्लं बघा, डोकं आपटून पुन्हा पळतात. पण लोकांना केसाळ बाहुली पाहिजे.

पाणपोई (१०.३७)
मी मदत मागितलीय, भाषण नाही. आणि आम्हाला ते बहिणीनं दिलंय.

मुक्ताफळ (१०.३९)
रस्त्यावरच्या कुत्र्यांचं कौतुक नको. आमच्या सोसायटीत रात्री बाहेर पडायची सोय राहिली नाही, सुप्रीम कोर्टानंसुद्धा...

धागा_राखणदार (१०.४१)
भटक्या कुत्र्यांचा धागा वेगळा आहे, चारशे प्रतिसाद झालेत तिथे. तिकडे जा. यापुढचे तसले प्रतिसाद उडवले जातील.

पाणपोई (१०.४८)
साखरेचं पाणी चोळलं दोनदा. जीभ फिरवायला लागलंय, डोकं उचललं. थरथर कमी. आता काय? दूध देऊ?

गोठ्यावरचा (१०.५१)
छान. पण यावर समाधान मानू नका, हा परिणाम थोड्या वेळात ओसरतो. स्वतःहून चाटत असेल तरच थोडं खायला द्या. मऊ भात आणि मिठाशिवाय शिजवलेल्या चिकनचं पाणी, किंवा पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून. गाईचं दूध सगळ्यांना पचत नाही, ढाळ लागली तर आणखी गळेल. हळद-दूध सासूबाईंनी प्यावं.

रात्रभर दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. बाहुल्या लहान-मोठ्या झाल्या, उलट्या लागल्या, झटका आला, उठवून उठेना, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता गाडी काढा. नेताना टोपलीत आडवं ठेवून न्या, हातात लटकवून नाही. लस झालेली नसेल तर दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका, पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा रोग तिथूनच घरी येतो.

चिंचेचा पार (१०.५३)
पिल्लानं कोणाला दात लावला का? दुखऱ्या अंगानं चावतात.

पाणपोई (१०.५५)
मुलाच्या बोटाला, परवा खेळताना. थोडं रक्त आलं होतं. त्याचा इथे काय संबंध?

गवतीचहा (१०.५७)
संबंध आहे. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायला हवं होतं. आताही धुवा आणि उद्या मुलाला सरकारी रुग्णालयात दाखवा, रेबीजची लस तिथे मोफत असते. घरातलं पिल्लू म्हणून सोडून देऊ नका, त्याच्या आईला लस होती की नाही कोणाला ठाऊक. बहिणीनं ते आणलं कुठून?

पाणपोई (१०.५८)
विचारते.

बोकोबा (सोमवार, सकाळी ७.४०)
काय झालं? रात्री झोप नाही आली मला.

पाणपोई (दुपारी १.२०)
आत्ता शिरवळहून आलो. रात्री तीनदा भरवलं, सकाळी स्वतः उठून सतरंजीवर शू केली. डॉक्टरांनी डोळे, चाल, मान तपासली. डोक्याला फार काही वाटत नाही म्हणाले, तरी दोन दिवस लक्ष ठेवायचंय. साखर मोजली, तेव्हा खाऊन आलं होतं म्हणून ठीक निघाली. दर तीन-चार तासांनी खायला द्या, रात्रीचंही एक. टाळू उघडी आहे, महिन्याभरानं परत दाखवायचं. वजन भरलं सहाशे ग्रॅम. मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, तो पिल्लापेक्षा जास्त ओरडला.

एक विचारायचं राहिलं. पहिली लस या आठवड्यात ठरली होती. ती देऊ की नको?

रामप्रहर (१.३१)
लसीआधी थुजा द्या.

दळणकांडण (१.३३)
साखर मोजली म्हणजे शेवटी मोजलीच ना.

गोठ्यावरचा (१.५०)
मोजली, टेबलावर धरून, सवयीच्या माणसानं.

पाणपोई, पिल्लू धड नसताना लस देत नाहीत. नीट खायला लागलं, चाल सुधारली की ज्यांनी आज तपासलं त्यांनाच तारीख विचारा. फार लांबवू मात्र नका, पार्व्होचं वय हेच आहे. आणि आज रात्रीचं भरवणं चुकवू नका, आजही पाहुणे असतील तर गजर लावा.

पाणपोई (१.५४)
पाहुणे गेले.