काईटसर्फिंग: धाडसाआधी ढील
पोहता येत असेल आणि अंगात धाडस असेल तर काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचा खेळ) सहज जमते, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. रामेश्वरमजवळ शिकताना माझी खरी अडचण भीतीची नव्हती, हाताच्या सवयीची होती. वाऱ्याचा झोत आला की नवशिका पतंगाच्या दोऱ्या जोडलेली हातातली दांडी घट्ट धरून छातीशी ओढतो. पण दांडी जवळ घेतली की पतंगाची ओढ वाढते आणि माणूस पाण्यावरून फरफटत जातो, उलट हात सोडले की तीच ओढ बरीचशी ओसरते. आमच्या येवल्यात संक्रांतीला आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, धरणाऱ्या पोरालाही ढील केव्हा द्यायची हे कळते. मला ते पाण्यात नव्याने शिकावे लागले. तिसऱ्या दिवशीही पायाखाली फळी आली नव्हती, कारण आधी नुसत्या पतंगाच्या ओढीने पाण्यातून सरकण्याचाच सराव चालला होता. तो वेळ वाया गेला असे ज्याला वाटते, त्याने या खेळाच्या वाटेला न गेलेले बरे. नाशिककरांनी गंगापूर धरणावर परस्पर प्रयोग करू नयेत, ही कळकळीची विनंती. डोंगरांमुळे वारा तुटक होतो, आणि काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा नवशिक्याला काठापासून दूर नेत राहतो.