मदत हवी आहे: रिपोर्ट नॉर्मल, मग रात्रभर हा घाम कसला?

अबोली७
रात्रीचे अडीच वाजलेत. तीन महिने झाले, रोज याच सुमाराला जाग येते. मान, केस ओलेचिंब, छातीत धडधड. पांघरूण फेकते आणि दहा मिनिटांत थंडी वाजते. पाळी कधी बावीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. परवा लोकलमध्ये एकीचा धक्का लागला तर मला रडूच फुटलं. डॉक्टरांनी एफएसएच (पाळीच्या हार्मोनची रक्ततपासणी) करायला सांगितलं, ते नॉर्मल आलं. "टेन्शन घेऊ नका" म्हणाल्या. झोपेसाठी काहीतरी सांगा, सकाळी ६.५२ची गाडी असते.

शेवंती
वय किती? अंगावरून किती जातं? आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत?

सुधाताई
अगं, पाळी जायची वेळ आली की असंच होतं. मी रोज रात्री दुधातून शतावरी कल्प घ्यायचे, आणि सकाळी कोरफडीचा गर. दोन महिन्यांत वाफा थांबल्या. गोळ्यांच्या नादी लागू नकोस.

पिंपळपान
आमच्या घरी हाच त्रास होता. इन्व्हर्टर एसी घेतला, २४ वर ठेवतो. बिल फार येत नाही.

शेवंती
पिंपळपान, घामाने जाग येते ती खोली गरम म्हणून नाही. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, खालीवर झालं की मेंदूतलं तापमानाचं केंद्र जरा जरा कारणाने बिथरतं. अबोली, वय सांग ना.

अबोली७
४६. अंगावरून नेहमीसारखंच जातं. गोळ्या काही नाहीत, थायरॉईडची सोडून. ती सहा वर्षं चालूच आहे.

काचपट्टी
मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते. या काळात एफएसएच आज ८ तर पुढच्या महिन्यात ४० येऊ शकतं. एका रिपोर्टवरून "काही नाही" म्हणता येत नाही. तुम्हाला जे होतंय ते खरंच होतंय. थायरॉईडची गोळी कशी घेता? टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली?

अबोली७
दीड वर्ष झालं असेल. गोळी सकाळी चहासोबत घेते, कॅल्शियमची पण तेव्हाच, म्हणजे विसरायला होत नाही.

काचपट्टी
असं नका करू! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. नाहीतर गोळी नीट अंगी लागत नाही. आणि डोस जास्त झाला तरी धडधड, घाम, झोप उडणं हेच सगळं होतं. आधी टीएसएच करा.

मंजिरी_लीड्स
इथे इंग्लंडमध्ये ४५च्या पुढच्या बाईला एफएसएच करायला सांगतच नाहीत, लक्षणांवरून ठरवतात. मी दीड वर्ष इस्ट्रोजेनचं जेल लावतेय, सोबत प्रोजेस्टेरॉन. पिशवी असेल तर ते लागतंच, नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढतं. मला माझं आयुष्य परत मिळालं. अबोली, एचआरटी (हेच हार्मोनचे उपचार) माग.

सुधाताई
त्याने कॅन्सर होतो. पेपरात आलं होतं.

मंजिरी_लीड्स
ते २००२चं. त्या अमेरिकन अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय किंवा पायात गुठळी झाली होती, अशांची गोष्ट वेगळी. सरसकट भीती घालू नका, ताई.

सुधाताई
मी भीती घालत नाहीये. माझी बहीण गेली त्यात.

मंजिरी_लीड्स
माफ करा ताई. मला माहीत नव्हतं.

रानजाई
पिशवी काढून टाक, सगळी कटकट संपते. मी चाळीसलाच काढली.

शेवंती
रानजाई, हा सल्ला कृपया देऊ नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या अशाच काढल्या, २०१९मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. सोबत अंडाशयंही गेली तर हेच घाम एका रात्रीत सुरू होतात. अबोली, "नेहमीसारखंच" म्हणजे किती? पॅड किती वेळाने बदलतेस?

अबोली७
पहिले तीन दिवस दर तासाला. गाठी पडतात. वर्षभर असंच आहे म्हणून लिहिलं नाही. मी झोपेबद्दल विचारत होते.

शेवंती
अगं बाई. तासाला एक म्हणजे खूप झालं. उद्याच फोन करून वेळ घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि सोनोग्राफी. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीत गाठ, आहे का, अस्तर जाड झालंय का, हे बघायलाच हवं. ४५च्या पुढे गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासतात. माझं हिमोग्लोबिन ७.८ निघालं तेव्हा कळलं, धडधड त्याचीच होती. मला हार्मोनवाली टी बसवली (कॉपर टीसारखीच, पण तांब्याऐवजी हार्मोनची), सहा महिन्यांत रक्तस्राव अगदी कमी झाला. आणि दोन महिने पाळी नव्हती तेव्हा प्रेग्नन्सी टेस्ट केली होतीस का?

रानजाई
या वयात? काहीतरीच.

शेवंती
पाळी येतेय तोवर दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर त्यानंतरही दोन वर्षं काळजी घ्यायला सांगतात.

पिंपळपान
बायको विचारतेय, ती हार्मोनवाली टी कितीला पडते?

अबोली७
प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. हिमोग्लोबिन ८.४. टीएसएच ११, म्हणजे गोळी कमीच पडतेय. सोनोग्राफी शुक्रवारी, दुसऱ्या डॉक्टरांकडे. आजपासून थायरॉईडची गोळी पहाटे पाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री. मंजिरी, जेलचं त्यांनाच विचारते. सुधाताई, शतावरी घेतली तर थायरॉईडच्या गोळीबरोबर चालेल का, हेही विचारून येते. शुक्रवारी लिहिते.