छोट्या ट्रॅक्टरला २०डब्ल्यू-४० की १५डब्ल्यू-४०? फिटरचं ऐकू की पुस्तिकेचं?

बागवाला_निफाड
माझा १५ एचपीचा, एका सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवणं हेच त्याचं मुख्य काम. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाच्या भीतीनं दिवसाआड फवारणी असते, त्यामुळं इंजिनाचे तास भराभर चढतात. कंपनीच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा त्याच्या वरच्या दर्जाचं इंजिन ऑईल आणि २५० तासांनी बदल असं छापलंय. गावातला फिटर म्हणतो, आपल्या उन्हाला जाड ऑईलच पाहिजे, २०डब्ल्यू-४० टाक आणि १०० तासांनी काढ.

माझं मत पुस्तिकेच्या बाजूनं आहे. 'जाड ऑईल' हे कारण मला पटत नाही. शेवटचा ४० दोन्हीकडं सारखाच आहे ना? तो आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी भर कामात दोन्ही ऑईलं एकाच पट्ट्यात असतात. फरक पडतो तो पहाटेच्या पहिल्या स्टार्टला. आमच्याकडं जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा १५डब्ल्यू लवकर वर चढतं. मग २०डब्ल्यू घेऊन मिळवायचं काय?

चेंबर_उघडणारा
दादा, मी फिटरच आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय. तुमचं गणित बरोबर आहे, पण ते नव्या डब्यातल्या ऑईलचं. १५डब्ल्यू आणि ४० यांत अंतर जास्त, म्हणून त्यात जाडपणा टिकवणारं पॉलिमर जास्त घालावं लागतं. कामात ते तुटत जातं आणि ऑईल पातळ होतं. २०डब्ल्यू-४० मध्ये पॉलिमर कमी लागतं, म्हणून ते टिकतं. रिंगा घासलेल्या जुन्या इंजिनात २०डब्ल्यू टाकल्यावर ऑईल खाणं कमी झालेलं मी कितीदा पाहिलंय.

आणि थंडीचं म्हणाल तर २०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांवर होते. निफाडच्या थंडीनं ते गोठणार नाही.

तासगावकर
दोघंही डब्याच्या पुढच्या बाजूवर भांडताय. डबा उलटा करा आणि मागं बारीक अक्षरात एपीआयपुढं, म्हणजे ऑईलच्या दर्जाच्या खुणेपुढं, काय लिहिलंय ते वाचा. सी म्हणजे डिझेलचं, एस म्हणजे पेट्रोलचं. आमच्या वस्तीवर एकानं मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० ट्रॅक्टरात ओतलं होतं. आकडे जुळले एवढंच त्यानं पाहिलं, डब्यावर एसएल होतं. डिझेलची काजळी धरून ठेवायची ताकद त्यात कुठून येणार? चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याच्या, तळाला बोटभर चिखल निघाला, अक्षरशः बोटानं खरवडून काढला.

सीएफ-४ हे १९९० सालचं, सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं. गावच्या दुकानात २०डब्ल्यू-४० मागितलं की बऱ्याचदा सीएफ-४ हातात पडतं. माझं भांडण २०डब्ल्यूशी नाही, त्या सीएफ-४ शी आहे. फिटरभाऊंनी सीएच-४ मधलं २०डब्ल्यू-४० दिलं तर मी गप्प बसेन.

१०० तासांबद्दलही बोलतो. तो नियम आला तेव्हा डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. त्याचं आम्ल होतं, आणि ते मारता मारता ऑईल संपायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतंय, गंधक १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत १० भागांवर आलंय. आधी बीएस-४ मध्ये ५० होतं, बीएस-३ मध्ये ३५०. मग चांगलं ऑईल १०० तासांत फेकायचं कशासाठी?

हळदवाला_वसमत
धुळीसाठी. तुमच्या बागेत खाली गवत असतं. आम्ही मे महिन्यात रोटाव्हेटर मारतो तेव्हा पुढचं चाक दिसत नाही. ती धूळ ऑईलमध्ये उतरली की सीआय-४ असो नाहीतर आणखी काही, रिंगा आणि लायनर खाणारच. मी साधं ऑईल घेतो आणि १०० तासांनी बिनधास्त काढतो. साडेतीन लिटरचा तर प्रश्न! महागाचं घातलं की माणसाचा जीव त्यात अडकतो. '२५० लिहिलंय, अजून थोडं चालू दे' म्हणत तो ३०० तासांवर जातो. हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

आणि एअर क्लीनरची, हवेतली धूळ धरणारी ऑईलची वाटी रोज बघत जा. तिच्यात इंजिनातून काढलेलं काळं ऑईल ओतणारे लोक आहेत. तेच काय ते इंजिनाचे खरे वैरी.

बागवाला_निफाड
काका, वाटीचं शंभर टक्के मान्य. धुळीत काम असेल तर लवकर बदला ही ओळ माझ्या पुस्तिकेतही आहे. पण बागेत फवारणी करणाऱ्यानं ती नांगरणीवाल्यासारखी का पाळायची? मी सीआय-४, १५डब्ल्यू-४० वरच जातो. बदल २०० तासांनी. फिटरभाऊ, तुमचा पॉलिमरचा मुद्दा खोडून काढता येत नाही, पण माझं इंजिन नवं आहे, अजून थेंबभर ऑईल खात नाही. उलट काल डिपस्टिक पाहिली तर पातळी वाढलेलीच दिसली.

चेंबर_उघडणारा
वाढली? दादा, ऑईल आपोआप वाढत नसतं. पुसलेली डिपस्टिक परत घाला, बाहेर काढा आणि वास घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी, डिझेलचा वास आला तर सिलिंडरात डिझेल फवारणारं नोझल गळतंय नाहीतर फीड पंप आत सोडतोय. तसं असेल तर तुमचं १५डब्ल्यूही पातळ आणि माझं २०डब्ल्यूही पातळ. बेअरिंग जाईल. ते सापडेपर्यंत ब्लोअर जोडू नका.

बागवाला_निफाड
आत्ता बघून आलो. वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे, आणि डिझेलचा वास स्वच्छ येतोय. उद्या सकाळी नोझल काढून पंपवाल्याकडं तपासायला नेतो. नव्या ऑईलचा डबा तोवर सीलबंदच ठेवतो.