दिव्यांग दाखला, युडीआयडी, अनुदान : तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा, हालचालींवर ताबा नाही). दाखला काढायला निघालो तेव्हा सेतूवाला म्हणाला आधी दवाखान्यात जा. दवाखान्यात म्हणाले, आधी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून पावती आणा. बरोबर दुसरा होता, पण ते कळायला एक सुट्टी आणि रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे गेले. नियम कुठेही वाचायला मिळतात. रांगेत काय घडतं ते लिहा. दवाखान्याचं, माणसाचं नाव मात्र नको.

माझ्यापासून सुरू करते. टक्के ठरवणारा डॉक्टरांचा बोर्ड आठवड्यातून एकच दिवस बसायचा, तोही पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. चालता न येणाऱ्यांची तपासणी जिन्यावरून! नवऱ्याने पोराला पाठुंगळी नेलं. दाखल्यावर ७८ टक्के आले. मी म्हटलं, ठीक आहे, सवलतींना लागणाऱ्या ४० च्या वर आहे ना. नंतर कळलं, ८० पासून युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्ड निळं, त्याखाली पिवळं. रंगाचं काय एवढं, पण जुन्या करपद्धतीत पालकाला ७५ हजारांऐवजी सव्वा लाखाची वजावट ८० टक्क्यांना मिळते. दोन टक्के असे महागात पडले. फेरतपासणीचा अर्ज करता येतो हे तेव्हा कुणी बोललं नाही.

*

*मळणीत पाय गेलेला शेतकरी*

ताई, माझं टक्क्यांचं काम एका दिवसात झालं. पाय नाही ते दिसतंच की. अडलं ते संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाला. दिव्यांगाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५० हजार, आणि माझ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ६० हजार लिहून आले. मी म्हटलं, भाऊसाहेब, हे साठ हजार कुठं ठेवलेत तेवढं सांगा, घेऊन येतो. हसले, पण दाखला बदलायला दीड महिना लावला.

मंजुरी आली, पैसे काही येईनात. तहसीलला चार फेऱ्या. तिथं म्हणत पैसे गेले, बँक म्हणे आले नाहीत. शेवटी एका पोरानं मोबाइलवर बघितलं. आधार जोडलेलं होतं जुन्या जनधन खात्याला, ज्याचं पासबुक मी कवाच हरवलं होतं. पाच महिन्यांचे पैसे तिथं निवांत पडून. तेव्हा महिना १५०० होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० केलेत. अर्ज करायच्या आधी आधार कुठल्या खात्याला लागलंय ते बघा, बाकी सगळं नंतर.

*

*नंदुरबारची आई*

मुलीला सिकलसेल, रक्ताचा आजार. दिव्यांगांच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात हा आजार नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ झाले, तेव्हा आला. पण मुलगी चालते, हसते, शाळेत जाते. रांगेतल्याच एक बाई म्हणाल्या, हिला काय झालंय, उगाच कशाला नंबर लावता? तिला दुखणं उठतं तेव्हा रात्रभर आम्ही दोघं तिचे पाय धरून बसतो, ते त्या बाईंना कसं दाखवणार. दवाखान्यात भरती केल्याचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून नेले होते. डॉक्टरांनी तेच आधी चाळले.

*

*ऐकू न येणारा*

कानाच्या तपासणीला आम्ही वीसेक जण बसलो होतो. शिपाई दारातून नावं पुकारत होता. तोंडाने. माझा नंबर दोनदा गेला. तिसऱ्यांदा मी त्याच्याच शेजारी उभा राहिलो आणि हातातल्या कागदावर बोट ठेवलं. सोबत कुणाला तरी न्या.

*

*पूर्वी सेतूत काम करणारा*

हजारभर अर्ज भरले असतील. आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आधी पाहा. एका काना-मात्रेवर अर्ज परत येतो. मूळ दाखला कुणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या. आणि कार्ड आलं की सगळं आपोआप सुरू होतं हा गैरसमज काढून टाका. एसटी, रेल्वे, अनुदान, ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी, प्रत्येकाचं दार वेगळं. रेल्वेला तर वेगळं सवलत प्रमाणपत्रही लागायचं.

*

*धागा काढणारी*

भाऊ, पाच टक्क्यांचं माहीत नव्हतं, उद्याच विचारते. एक प्रश्न : मुलगा १८ चा झाला की कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून घ्यावं लागतं म्हणतात. सख्ख्या आईलाही. कुणी काढलंय का? सात वर्षं आहेत हातात, पण आत्तापर्यंतचा वेग पाहता आत्ताच विचारलेलं बरं.