सेलरची तसबीर कशाला?

खवचट: काल इथे कुणीतरी लिहिलंय, 'आपण अमेरिकेत आहोत ते इमॅन्युएल सेलरच्या कृपेने, प्रत्येक महाराष्ट्र मंडळात त्याची तसबीर हवी.' राहवेना म्हणून लिहितो. सेलर १९२३ ते १९७३ ब्रुकलिनचा खासदार. कुठल्या देशातून किती माणसं येऊ द्यायची ते ठरवणाऱ्या १९२४च्या कोटा कायद्याशी चाळीस वर्षं भांडला, मान्य. पण तो कोटा मोडणारं १९६५चं स्थलांतराचं बिल मांडताना यानेच सभागृहाला ठासून सांगितलं की आशिया-आफ्रिकेतून फारसं कुणी येणार नाही, कारण त्यांचे इथे नातेवाईकच नाहीत. म्हणजे आपण आलो ते त्याचा अंदाज फसला म्हणून!

सरळरेघ: मतं मिळवायची तर तसंच बोलावं लागतं. आणि १९४६चा ल्यूस-सेलर कायदा? अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या १९२३च्या थिंड निकालाने भारतीयांना नागरिकत्वाची दारं बंद होती, ती त्याने उघडली. म्हणून तर दलीपसिंग सौंद १९४९ला नागरिक झाले आणि १९५६ला अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले.

खवचट: आणि कोटा? वर्षाला शंभर माणसं. केवढे उपकार! १९६५च्या व्हिसावाटपाचं गणितही बघा. नातेवाइकांना २०, २०, १० आणि भावंडांना २४ टक्के. उच्चशिक्षितांना १०, इतर कामगारांना १०, निर्वासितांना ६. हा नातेवाइकांचा हट्ट स्थलांतर उपसमितीच्या मायकेल फीगनचा, सेलरचा नव्हे; इथे आधीच असलेल्या युरोपीयांचेच नातेवाईक येतील हा हिशेब. फासे उलटे पडले. डॉक्टर-इंजिनिअर त्या दहा टक्क्यांतून शिरले, नागरिक झाले आणि भावंडांच्या त्या २४ टक्क्यांतून अर्ज भरले.

नाना_एडिसन: खरं दुखणं ग्रीन कार्डांच्या देशवार मर्यादेचं आहे. १९६५ला देशामागे २०,०००, १९९०पासून एकूण कोट्याच्या सात टक्के. आइसलँडला जेवढी तेवढीच भारताला! शिवाय मोजतात जन्मदेश. कॅनडाचा पासपोर्ट काढून रांग एका इंचाने हलत नाही.

सरळरेघ: नाना, सेलर १९८१ला वारले. १९९०चं बिल त्यांच्या नावावर का फाडता?

नाना_एडिसन: बी कुणी पेरलं? रांगेत उभं राहा, मग वकिली करा.

चिमटा: पुरुषमंडळी ग्रीन कार्डातच अडकलीत. सभागृहाच्या न्याय समितीचा अध्यक्ष म्हणून या थोर सेलरने स्त्रियांच्या समान हक्काची घटनादुरुस्ती वर्षानुवर्षं दाबून ठेवली. १९७०मध्ये खासदार मार्था ग्रिफिथ्सने २१८ खासदारांच्या सह्या गोळा करून ती समितीतून अक्षरशः ओढून काढली. १९७२च्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमनने त्यालाच घरी बसवलं.

सरळरेघ: आणि १९६४चा नागरी हक्क कायदा? ते बिल त्याच समितीतून त्यांनीच रेटलं.

चिमटा: रेटलं ना. त्यातल्या भेदभावबंदीत 'लिंग' शब्द घालायला विरोधही त्यांनीच केला.

सरळरेघ: बरं बाई, तसबीर नको. कॅलेंडर तरी चालेल का?

नवखा_२२: नाना, बायको नेपाळमध्ये जन्मलेली असेल तर?

नाना_एडिसन: तर तिच्या देशाची रांग तुला मिळते, पण अर्ज दोघांचे बरोबर हवेत. मुलाला आईबापांचा जन्मदेश लावता येतो, आईबापांना मुलाचा नाही. मूल दुबईत जन्मलंय म्हणून खूश होऊ नकोस.