भिंग लावून काम करताना समोरचं चित्र मधेच पुसलं जातं, हे डोळ्यात होतं का डोक्यात?

सांगली_घड्याळवाला
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, वडलांनी सुरू केलेलं, आता मी बसतो. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं आणि डावा डोळा उघडाच ठेवायचा ही त्यांची शिकवण, कारण मिटून काम केलं तर तासाभरात गाल कपाळ सगळं दुखायला लागतं. आता होतं असं की कामात लक्ष असलं की टेबलावर अंथरलेला पेपर मला दिसतच नाही, नुसतं मशीन दिसतं. पण जरा हात थांबला की मशीन फिकं होत जातं आणि त्याच जागी पेपरातल्या मथळ्याची अक्षरं वर येतात, पुसट असतात पण असतात, तीन चार सेकंद राहतात आणि परत मशीन. कधी कधी अर्ध्या भागात मशीन अर्ध्यात अक्षरं असे ठिगळ लावल्यासारखे तुकडे. मागच्या महिन्यात डोळे तपासून घेतले, दोन्ही चांगले आहेत म्हणाले. मग हे काय? आणि पेपर दिसत नाही तेव्हा माझा डावा डोळा बघतच नसतो का?

चष्मेवाली_मिरज
दादा घाबरू नका, हा आजार नाही. आपल्या दोन डोळ्यांना एरवीही थोडं वेगळं चित्र मिळतं आणि मेंदू ती दोन्ही जुळवून त्यातूनच वस्तू किती लांब आहे ते काढतो. पण एकाला चाक आणि दुसऱ्याला मथळा दिला तर जुळवणार काय, मग तो आळीपाळीनं एकेक दाखवतो, याला बायनॉक्युलर रायव्हलरी म्हणतात. एका डोळ्याच्या मायक्रोस्कोपवर काम करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. खात्री करायची तर एक डोळा तळहातानं झाका आणि दुसऱ्यानं बघा. तेव्हा चित्र जायला नको. झाकूनही जात असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा. लहान मुलांच्या बाबतीत एवढं सांगते की तिरळेपणात मेंदू एका डोळ्याचं चित्र कायमचंच दाबून टाकायला शिकू शकतो, तो आळशी डोळा, म्हणून पट्टी लवकर लावायची असते.

अजिंक्यतारा_मेंदू
साताऱ्याचा आहे, न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतोय, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या एकदम जवळचा आहे म्हणून जरा लांब लिहितो. डावा डोळा बघत असतोच. प्रकाश पडतो, सिग्नल जातो, फक्त तुमच्यापर्यंत म्हणजे जाणिवेपर्यंत पोचत नाही. आणि म्हणूनच दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवायचा हा प्रयोग संशोधकांना एवढा आवडतो, डोळ्यासमोरचं काहीच बदलत नाही आणि दिसणं बदलतं, मग मेंदूत जे काही त्या दिसण्याबरोबर बदलतं ते शोधायचं. निकोस लोगोथेटिस हे मेंदूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना शिकवलं की जे दिसतंय त्याप्रमाणे दांडा ओढायचा, आणि त्याच वेळी एकेका पेशीचे सिग्नल मोजले. डोक्याच्या मागं जिथं डोळ्याकडून माहिती पहिल्यांदा येते तिथल्या साधारण पाचातल्या एकाच पेशीला फरक पडत होता, बाकीच्या जाणीव काहीही असो आपलं काम करत होत्या. पण कानाच्या वरच्या बाजूला, जिथं वस्तू आणि चेहरे ओळखले जातात, तिथल्या जवळपास ९० टक्के पेशी माकडाला जे दिसतंय त्याच्याच मागं जात होत्या, हे १९९७ चं काम. माणसावर १९९८ साली फ्रँक टाँग आणि नॅन्सी कॅनविशर यांच्या गटानं एका डोळ्याला चेहरा आणि दुसऱ्याला घर दाखवलं, लाल हिरवा चष्मा लावून. चेहरा दिसतोय म्हटलं की चेहऱ्याचा भाग चालू, घर म्हटलं की घराचा, आणि तेही खरोखर चित्र बदलल्यावर होतो तेवढाच फरक!

विज्ञान_शिक्षक_कराड
सर पण मी वाचलंय की माणसाच्या स्कॅनमध्ये त्या पहिल्या भागातसुद्धा फरक दिसतो, मग माकडात एवढा कमी का?

अजिंक्यतारा_मेंदू
बरोबर, २००० साली ते दिसलं आणि त्यावर भरपूर वाद झाला. स्कॅन रक्तातला ऑक्सिजन मोजतो आणि माकडात तार घालून पेशीचा ठोका मोजतात, या दोन गोष्टी एक नव्हेत, माझ्या मते गोंधळ बराचसा तिथं आहे. दुसरा वाद कपाळामागच्या भागाचा. चित्र पालटताना तो चमकतो म्हणून १९९८ पासून लोक म्हणायचे की पालटवणारा तोच. पण २०१४ मध्ये जर्मनीतल्या गटानं लोकांना बटण दाबायलाच लावलं नाही, दोन डोळ्यांना उलट दिशांनी सरकणारी चित्रं दाखवली आणि डोळा कुठं सरकतोय यावरून ओळखलं (एसटीच्या खिडकीतून बघताना डोळे झाडामागं जाऊन झटका मारून परत येतात ना, तसं). बटण गेलं तसा त्या भागाचं चमकणंही बरंच ओसरलं. म्हणजे त्यातलं पुष्कळसं बघण्याचं नव्हतं, सांगण्याचं होतं.

विज्ञान_शिक्षक_कराड
हे मुलांना शंभर टक्के करून दाखवणार. गणपतीत फोकसला लावतो तो लाल आणि हिरवा जिलेटिन कागद, दोन पुठ्ठ्याच्या नळ्या, पांढरी भिंत, बस्स.

अजिंक्यतारा_मेंदू
नुसता रंग नको, एकावर आडव्या आणि एकावर उभ्या रेघा मारा, मग पालटणं स्वच्छ कळतं. ज्यात रेघा, उठाव, हालचाल जास्त ते चित्र जास्त टिकतं, कोऱ्या चित्राला फार जोर नसतो.

सांगली_घड्याळवाला
ताई, हातानं डोळा झाकून बघितलं, कुठलंच चित्र जात नाही, जीव भांड्यात पडला. आणि सर तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी थांबलोच. वडील टेबलावर कायम कोरा पांढरा कागद घालायचे, स्क्रू हरवू नये म्हणून असेल असं मी धरून चाललो होतो, आणि ते गेल्यावर रद्दी पडलेलीच असते म्हणून पेपर घालायला लागलो. काल परत कोरा कागद घातला. बॅलन्स, म्हणजे घड्याळातलं मागंपुढं फिरणारं चाक, फिरत होता, मी हात बाजूला ठेवून नुसता बघत बसलो, चांगला वेळ झाला तरी तो फिरताना दिसतच राहिला.