तालुक्याच्या महाविद्यालयात फ्रेंच मंडळ कशासाठी?

कापूसपट्टा:
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी फ्रेंच मंडळ सुरू केले आहे. दर शनिवारी रिकाम्या वर्गात मोबाईलवर आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांच्या बातम्या लावल्या जातात, एक जण ऐकू आलेले शब्द फळ्यावर देवनागरीत उतरवतो आणि शब्दाच्या शेवटची कोणती अक्षरे उच्चारली जात नाहीत यावर उरलेले वाद घालत बसतात. उत्साह कौतुकास्पद आहे; परंतु ज्यांना इंग्रजीत साधा अर्ज लिहिताना घाम फुटतो, त्यांनी आणखी एका परकीय भाषेमागे लागावे, हे मला पटत नाही.

वर्धाकाठ:
फ्रेंच म्हटले की आपल्याला केवळ पॅरिस आठवते, म्हणून हा प्रश्न पडतो. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील, पूर्वी फ्रेंच वसाहती असलेल्या चार कापूस उत्पादक देशांनी 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत, श्रीमंत देशांच्या अनुदानांमुळे कापसाचे भाव पडतात, अशी तक्रार एकत्रितपणे मांडली होती. बुर्किना फासोने 2008 मध्ये बीटी कापसाची व्यापारी लागवड सुरू केली आणि धाग्याची लांबी घटल्याने पुढे काही वर्षांतच तो बंद केला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी उद्ध्वस्त झालेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या मुलांना हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

मराठी माध्यम:
युक्तिवाद आकर्षक असला तरी अर्धवट आहे. मालीतील शेतकरी घरी आणि बाजारात बहुधा बंबारा बोलतो. फ्रेंच ही तिथे कचेरीची आणि शाळेची भाषा. खुद्द मालीनेच 2023 च्या राज्यघटनेत फ्रेंचचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून तिला कामकाजाच्या भाषेपुरते मर्यादित केले. जी भाषा तेथील लोकच बाजूला सारत आहेत, तिच्यासाठी आपल्या मुलांनी शनिवार का घालवावेत? कापसाची माहिती इंग्रजीतही मिळतेच.

मंडळाची सदस्य:
मिळते, पण बहुतेकदा अहवालांच्या रूपात. कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटाचे एमे सेझेर किंवा सेनेगलचे लेओपोल सेदार सेंघोर, जे 1960 मध्ये आपल्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, या कवींनी वसाहतवादाशी झगडा फ्रेंचमध्येच केला. मालीचा निर्णयही आम्हाला त्याच झगड्याचा पुढचा भाग वाटतो आणि त्यावर मंडळात भांडणेही झाली आहेत. (सेझेर मूळ फ्रेंचमध्ये वाचण्याइतकी आमची तयारी अजून नाही, हे खरे.) इंग्रजीचे म्हणाल, तर वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली इथे बोलतात, कारण इथे सगळेच चुकतात आणि हसायला कुणी वरचढ नसतो.

कापूसपट्टा:
शेवटचे वाक्य मला मान्य आहे, मात्र त्याने माझा आक्षेप मिटत नाही. बोलण्याची भीड मोडणे हाच लाभ असेल, तर इंग्रजीचे मंडळही तसेच चालवता आले असते. मुलांना डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेची पहिली पायरी द्यायची असेल, तर परीक्षेचे शुल्क आणि शहरात जाण्यायेण्याचा खर्च कोण उचलणार, हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगावे. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मे विद्यार्थी शेतात असतात. तेव्हा शनिवारची बैठक कशी चालवणार, तेही कळवावे.


मंडळाची सदस्य:
वेचणीत बैठक रात्री आठला, फोनवर होते. शुल्काचे पालकांना सांगतो.